आभासी यंत्रासाठी हलके लिनक्स



संतवाङ्मय, इतिहास, शेतीचे अर्थकारण अशा विषयांच्या पंक्तीत ‘लिनक्स’ हे नाव पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही मुद्दाम हाच सांगितला. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे, अशा घराचा हा प्रश्न आहे आणि अशी घरे आपल्या गावात थोडी नाहीत. त्या एका लॅपटॉपवर वडिलांच्या दुकानाचा हिशेब असतो, जीएसटीची विवरणे असतात. त्याच लॅपटॉपवर मुलीला कॉलेजचा अभ्यास करावयाचा असतो आणि कॉलेजात सांगितलेले असते की, लिनक्स शिका. हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो, म्हणून विंडोज पुसता येत नाही. डिस्कचे दोन भाग करून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात, तर नवशिक्याच्या हातून एक बटण चुकीचे दाबले जावयाचे आणि वर्षाचा हिशेब जावयाचा. दुसरा लॅपटॉप घेणे परवडत नाही. मग मुलीने शिकावयाचे कसे?

अशा घराला आभासी यंत्राचा मोठा आधार आहे. आभासी यंत्र म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात प्रोग्रॅमच्या साह्याने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, रॅम आहे, डिस्क आहे, असा भास असतो. वस्तुतः हे सगळे खऱ्या यंत्राकडून उसने घेतलेले असते. बाहेर चालते ती यजमान प्रणाली आणि आत चालते ती पाहुणी प्रणाली. ही नावे काही आमची कल्पकता नव्हे. ह्या शास्त्रातले मूळ इंग्रजी शब्दही ह्याच अर्थाचे आहेत, आणि मराठीत ते अधिकच चपखल बसतात. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, क्यूईएमयू ही अशी यंत्रे उभी करणाऱ्या प्रोग्रॅमांची नावे होत. पाहुण्याची अख्खी डिस्क ही यजमानाच्या लेखी केवळ एक मोठी फाइल असते. पाहुणा बिघडला की ती फाइल पुसावी आणि नवी सुरुवात करावी. दुकानाच्या हिशेबाला धक्का लागत नाही.

ही युक्ती पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. तेथे तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये कामाला लागली. ती एका मोठ्या यंत्राची चौदा आभासी यंत्रे करून दाखवी. आता ह्या चौदा यंत्रांत चालवावयाचे काय? त्या मंडळींनी सीएमएस नावाची एक मुद्दाम साधी, एका माणसापुरती प्रणाली लिहिली. अनेकांत वेळेची आणि जागेची वाटणी करणे, एकाच्या चुकीपासून दुसऱ्याचे रक्षण करणे, ही कामे तिच्यात नव्हतीच. खालची सीपी ती करीत होती. वर पुन्हा तीच कशाला करावयाची? पाहुण्याने यजमानाची कामे अंगावर घेऊ नयेत, एवढाच तेथे हलकेपणाचा अर्थ होता. आमच्या मते आजही आभासी यंत्रापुरता तोच अर्थ खरा आहे. आज मात्र ‘हलके’ म्हटले की लोक दुसरेच काही मोजत बसतात.

ते काय मोजतात हे पाहण्याआधी ‘वितरण’ ह्या शब्दाचा खुलासा करू. लिनक्स हे खरे पाहता एका गाभ्याचे नाव. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स ह्याने तो १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवला. नुसत्या गाभ्यावर कोणाचे काम होत नाही. त्याच्याभोवती लहानमोठी साधने, इन्स्टॉल करण्याची सोय, पडद्यावरच्या खिडक्या, आणि चूक सापडली की दुरुस्ती पोचविणारी माणसे, असे सारे मिळून वितरण होते. ज्वारीचे पीठ एकच. कोणी त्याची भाकरी थापतो, कोणी धिरडे घालतो. अशी वितरणे शेकड्यांनी आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ स्वतःला हलकी म्हणवतात.

पहिले मोजमाप असते ते उतरवून घ्यावयाच्या फाइलीच्या आकाराचे. टायनी कोअर हे वितरण खिडक्यांसकट सुमारे २५ मेगाबाइटांत बसते. ते पाहून मन प्रसन्न होते, हे आम्ही नाकारीत नाही. गाभा आणि साधने कशी जुळविली आहेत हे पाहावयाचे, तर त्यासारखा दुसरा धडा नाही. पण मुलीला अभ्यासासाठी ब्राउझर लागतो. तो घातला की २५ मेगाबाइटांचा टेंभा तेथेच संपतो. ह्याची साक्ष एका वितरणाच्या चरित्रातच आहे. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ हे २००५ मध्ये निघाले तेव्हा ५० मेगाबाइटांच्या बाहेर जावयाचे नाही, असा त्याचा नेम होता. मध्ये अनेक वर्षे ते थांबले. २०२४ मध्ये त्याच कर्त्याने ते पुन्हा काढले, तेव्हा मर्यादा ठेविली ७०० मेगाबाइटांची, म्हणजे एका सीडीत मावेल एवढी. चौदापट! कर्ता तोच, हौस तीच. जगातल्या प्रोग्रॅमांचे वजन वाढले, त्याला तो काय करणार?

दुसरे मोजमाप रॅमचे. हे अधिक शहाणपणाचे दिसते, आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. नवे वितरण सुरू करावयाचे, काही न उघडता रिकाम्या पडद्यावर किती रॅम लागली ते पाहावयाचे, आणि तो आकडा शेजारच्या वितरणाच्या आकड्याशी ताडून पाहावयाचा, अशी रीत पडली आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

एक अशी की, लिनक्सचा गाभा रिकामी रॅम रिकामी ठेवीत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेले तो रॅममध्ये राखून ठेवतो. पुन्हा मागितले तर लगेच देता यावे म्हणून. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली, की हे राखून ठेवलेले तो विनातक्रार टाकून देतो. त्यामुळे ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यावर जो तक्ता येतो, त्यातील पूर्ण मोकळ्या रॅमचा रकाना पाहून घाबरू नये. ‘अव्हेलेबल’ म्हणजे उपलब्ध, ह्या नावाचा रकाना पाहावा. खरी शिल्लक तेथे असते.

दुसरी गोष्ट केवळ आभासी यंत्राची आहे आणि आज सांगावयाच्या गोष्टींत आम्ही तिला सर्वांत जास्त महत्त्व देतो. यंत्र उभे करताना आपण एक आकडा लिहितो : ह्या पाहुण्याला २ गिगाबाइट. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम यंत्र सुरू करतेवेळी तेवढी रॅम यजमानाकडून मागून घेतो आणि यंत्र चालू असेपर्यंत ती यजमानाच्या कामाची नाही असेच धरून चालावे. आत पाहुणा ४०० मेगाबाइटांवर भागवीत असो की ६०० वर, बाहेरच्या विंडोजच्या वाट्याचे २ गिगाबाइट गेले ते गेले. तेव्हा दोन वितरणांत रिकाम्या पडद्यावर १५० मेगाबाइटांचा फरक निघाला, तर त्याची किंमत काय? त्या फरकामुळे आपण वरचा आकडा कमी लिहू शकत असलो, तरच काही किंमत. नाहीतर तो केवळ वादाला विषय. आणि ब्राउझरची चारपाच पाने उघडली, की असे चारपाच फरक त्यात वाहून जातात.

मग वितरणा-वितरणांत खरा फरक कोठे पडतो? बव्हंशी पडद्यावर. लिनक्सच्या खिडक्यांची मांडणी करणाऱ्या वेगवेगळ्या प्रणाली आहेत. ग्नोम ही त्यांतली थाटाची. तिच्या खिडक्या सरकतात, विरतात, सावल्या टाकतात. हे सगळे ती चित्रांसाठी असलेल्या प्रोसेसरकडून करून घेते. आभासी यंत्रात तो प्रोसेसर बहुधा नसतो, किंवा अर्धामुर्धा असतो. मग तेच काम साध्या प्रोसेसरकडून प्रोग्रॅमच्या बळावर करून घ्यावे लागते. खिडकी सरकविली की पंखा घोंघावू लागतो आणि मुलीला वाटते, आपला लॅपटॉपच निकामी झाला. तोच गाभा, तेच वितरण, पण एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ह्यांपैकी साधी मांडणी घेतली, तर तेच यंत्र सुरळीत चालते. ह्या मांडण्यांना सावल्यांची हौस कमी. ‘कोणते वितरण?’ हा प्रश्न ज्या उत्साहाने विचारला जातो, त्याच्या निम्म्या उत्साहाने ‘कोणती मांडणी?’ हा विचारला जावा, अशी आमची इच्छा आहे. पहिल्यापेक्षा दुसऱ्याच्या उत्तरावर वेग अधिक अवलंबून असतो.

आता पपी आणि अँटीएक्स ह्यांचे नाव न घेतले, तर त्यांचे चाहते आम्हांला सोडणार नाहीत. पपी लिनक्स ऑस्ट्रेलियातील बॅरी कौलर ह्यांनी २००३ मध्ये काढले. ते सगळेच्या सगळे रॅममध्ये चढून बसते; जुन्या, मंद डिस्कच्या, किंवा डिस्कच नसलेल्या संगणकाला त्याने नवा जन्म दिला, हे त्याचे उपकार खरे आहेत. अँटीएक्सही जुन्या यंत्रांचा वाली. पण ह्यांचे गुण कोणत्या अडचणीवर उतारा म्हणून आले आहेत ते पाहा. जुनी चित्रकार्डे, विचित्र वायफाय, मंद डिस्क, ह्यांशी त्यांनी झुंज दिली. आभासी यंत्रात ह्यांतले काहीच नसते. तेथील कार्ड आणि डिस्क एका ठराविक साच्याची असते आणि त्या साच्याचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात पूर्वीपासून आहेत. सगळे रॅममध्ये चढविण्याचा पपीचा गुण तर येथे उलटतो. यजमानाकडे नेमकी रॅमचीच टंचाई असते. खेळाचे मैदान बदलले की जुना गडी तितकाच कसलेला असूनही उपयोगी पडत नाही, त्यातला प्रकार.

केंब्रिजच्या सीएमएसची आठवण करून देणारे आजचे वितरण म्हणजे अल्पाइन. त्याची एक प्रत खास आभासी यंत्रांसाठी काढतात. खऱ्या लॅपटॉपला लागणारे पुष्कळसे ड्रायव्हर तिच्या गाभ्यातून गाळलेले असतात, आणि ती फाइल १०० मेगाबाइटांच्या आत भरते. खिडक्या न घालता चालविली तर रॅमही तेवढ्यातच भागते. वेबसाइट पुरविणे, डेटाबेस राखणे, नेटवर्कचे धडे गिरविणे, अशा बिनपडद्याच्या कामांना आम्ही अल्पाइन डोळे मिटून सुचवू. यजमानाकडे एकूण रॅम ४ गिगाबाइटच असेल, तर आमच्या मते दुसरा मार्गच नाही : अल्पाइनला ५१२ मेगाबाइट द्यावेत, आणि विंडोजमधूनच एसएसएच ह्या साधनाने त्याच्याशी आज्ञांच्या भाषेत बोलावे. कॉलेजातल्या लिनक्सच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग नाहीतरी आज्ञांचाच असतो.

पण अल्पाइनच्या हलकेपणाचे मोल कोठेतरी चुकवावे लागते. बहुतेक वितरणांत सी भाषेचे जे पायाभूत ग्रंथालय असते, ते ग्लिबसी. अल्पाइनने त्याऐवजी मसल नावाचे लहान, नेटके ग्रंथालय घेतले आहे. ग्लिबसी गृहीत धरून तयार केलेला प्रोग्रॅम अल्पाइनवर आणला, की तो बहुधा चालत नाही. कॉलेजने दिलेली एखादी तयार फाइल चालवावी, तर उत्तर येते, ‘फाइल सापडली नाही’; फाइल डोळ्यांसमोर असते, सापडत नाही तो तिला लागणारा जोडणारा भाग. जाणत्याला हे दोन मिनिटांत उमगते. एकट्याने शिकणाऱ्या मुलीची संध्याकाळ त्यात जाते, आणि अशा तीन संध्याकाळी गेल्या की लिनक्स आपल्यासाठी नव्हे, असा ग्रह होतो. पाच-पंचवीस मेगाबाइट वाचवून हे नुकसान करून घेणे आम्हांला पटत नाही.

ह्याहून कमी बोलला जाणारा प्रश्न आहे तो पुढच्या वर्षांचा. दुरुस्त्या कोण पोचविणार, आणि किती वर्षे? पुष्कळ लहान वितरणे एका-दोघांच्या हौसेवर उभी आहेत. त्यांच्या हौसेला आमचा नमस्कार. पण तो एक माणूस दमला, त्याची नोकरी बदलली, की वितरण थांबते, आणि पाहुण्याच्या ब्राउझरमधली भोके तशीच राहतात. डेबियनची गोष्ट वेगळी. १९९३ मध्ये इयन मरडॉक ह्यांनी तो आरंभिला. ते आता हयात नाहीत, पण काम चालू आहे, कारण जगभरचे स्वयंसेवक घटना करून, निवडणुका घेऊन ते चालवितात. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे नेहमीच्या आणि पुढे दोन वर्षे विस्तारित दुरुस्त्या मिळतात. एका आवृत्तीवर पदवीचा अभ्यासक्रम पुरा होतो.

येथे आभासी यंत्राचा एक स्वभाव लक्षात घ्यावा. ते रोज चालू नसते. परीक्षा संपली की चार महिने निजते. आर्च लिनक्ससारखी वितरणे आवृत्त्या काढीत नाहीत. त्यांत नवे ते रोज येत राहते, आणि घेणाऱ्याने वरचेवर घेत राहावे अशी अपेक्षा असते. असे यंत्र चार महिन्यांनी जागे केले, तर त्याच्यापुढे शेकडो पॅकेजांची थकबाकी उभी असते, आणि कित्येकदा पॅकेजांवरच्या सह्या तपासण्याच्या किल्ल्याच जुन्या झालेल्या असतात. आधी त्या बदलाव्यात, मग पुढचे. आर्च शिकावयास उत्तम आहे. निजणाऱ्या पाहुण्याला मात्र डेबियनसारखे सबुरीचे वितरण बरे.

उबंटूच्या घराण्यातील लुबुंटू आणि झुबुंटू ह्यांनाही आम्ही नावे ठेवणार नाही. लुबुंटूत एलएक्सक्यूटी आणि झुबुंटूत एक्सएफसीई ही मांडणी तयार मिळते. नवशिक्याला इन्स्टॉल करणे सोपे जाते. डेबियनमध्ये मांडणी इन्स्टॉल करतेवेळी निवडावी लागते. त्या यादीत नेमकी ग्नोमवर आधी खूण केलेली असते, ती काढून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीवर करावी. एवढे एक पान नीट वाचले की डेबियन हलका झाला!

आता ८ गिगाबाइट रॅम असलेल्या लॅपटॉपचा हिशेब मांडू. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टने किमान ४ गिगाबाइट सांगितले आहेत. हिशेबाचा प्रोग्रॅम आणि एखादे ब्राउझरचे पान ह्यांसाठी आणखी दीड-दोन राखावेत. उरले २. डेबियन १२ च्या पुस्तिकेत पडद्यासह इन्स्टॉल करण्यास किमान १ गिगाबाइट आणि चांगल्या कामासाठी २ गिगाबाइट रॅम सांगितली आहे, डिस्कवर १० गिगाबाइट. म्हणजे साधी मांडणी घेतलेला डेबियन ह्या घरात बसतो, पण ऐसपैस नव्हे. आत आणि बाहेर दोन्हीकडे ब्राउझर उघडू नयेत. वाचन बाहेर करावे, आज्ञा आत द्याव्यात. हे पथ्य पाळले नाही, तर रॅम संपून विंडोज डिस्कवर ये-जा करू लागते, आणि महिनाअखेरच्या घाईत वडिलांचा प्रोग्रॅम अडकतो. मग घरात लिनक्सचे नाव काढण्याची सोय राहत नाही. पाहुण्याला किती द्यावयाचे हे ठरविताना यजमानाची कामाची वेळ आधी पाहावी.

कोणी म्हणेल, विंडोजमध्येच आता डब्ल्यूएसएल नावाची लिनक्सची सोय आहे, मग एवढा खटाटोप का? आज्ञांपुरते शिकावयाचे असेल तर ती सोय चांगली आहे. तिची दुसरी आवृत्तीही आतून आभासी यंत्रच आहे, आणि काही न सांगितल्यास ती यजमानाच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकते. मर्यादा आपण घालावी लागते. पण इन्स्टॉल करणे, डिस्कचे भाग पाडणे, यंत्र बिघडविणे आणि दुरुस्त करणे, हे शिक्षण तीत नाही. आणि एक सूचना : विंडोजमधली ही सोय किंवा तिच्या जातीची सुरक्षेची सोय चालू असली, की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही. त्याच्या खिडकीच्या तळाशी मग एक हिरवे कासव दिसते. ते दिसले तर वितरणाला दोष देऊन तिसरे, चौथे वितरण आणू नये. मंदपणा पाहुण्याचा नाही, दाराशीच अडवणूक आहे.

मराठी माणसाने आणखी एक परीक्षा घ्यावी. पडद्यासह वितरण इन्स्टॉल केल्यावर प्रथम एखादे मराठी वर्तमानपत्र उघडून पाहावे. काटकसरीच्या वितरणांत कित्येकदा देवनागरी टंकच नसतो, आणि बातमीच्या जागी चौकोनांची रांग येते. डेबियनमध्ये लोहित किंवा नोटो हे टंक एका आज्ञेने येतात, आणि आयबस हे साधन घातले की मराठी लिहिताही येते. जागा वाचते म्हणून आपलीच लिपी बाहेर ठेवणारा हलकेपणा आम्हांला नको.

व्याख्यानाला उभे राहण्यापूर्वी एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली. ते विचारतात, घरी ३२ बिटांचा जुना संगणक पडून आहे, त्यावर हे जमेल काय? त्यावर आभासी यंत्र चालविण्याच्या भरीस पडू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलरही नाही आणि गाभाही नाही. त्या यंत्रावर थेट अँटीएक्स घालावे. त्याच्या ३२ बिटांच्या प्रती निघत आल्या आहेत आणि जुन्या यंत्रावर त्याचे सगळे गुण कामी येतात.